कोठारावरचा हक्क

सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत पडलेला जो मुलूख माण, खटाव, सांगोले, मंगळवेढे, जत, कर्जत अशा तालुक्यांच्या नावांनी ओळखला जातो, त्याच्या लोकस्मृतीत राजांच्या कारकिर्दींपेक्षा दुष्काळांची वर्षे अधिक खोल रुजलेली आहेत. जन्मसाल विचारले असता जुनी माणसे अमुक दुष्काळात आपण रांगत होतो असे सांगत, आणि सोयरिकीपासून गाव सोडण्यापर्यंतच्या घटना त्याच खुणेने ओळखल्या जात. या आपत्तींचा इतिहास बहुधा आभाळाकडे पाहून लिहिला जातो. पाऊस किती इंच पडला, खरीप किती बुडाले, रब्बीतून काय हाती आले, याची कोष्टके मांडली जातात. ती कोष्टके आवश्यक आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला कोठारांचाही इतिहास लिहिला जाणे अगत्याचे आहे. कारण ज्या दुष्काळांची तपशीलवार हकीकत आपल्यापर्यंत पोचली आहे, त्यांत धान्य कोठे ना कोठे होतेच. ते कोणाच्या कुलुपात होते, कोणाच्या हुकमाने बाहेर निघाले, आणि निघालेला दाणा कोणत्या अटीवर गरिबाच्या पदरात पडला, या तीन प्रश्नांची उत्तरे शतकानुशतके पालटत आली आहेत.

यांतील सर्वांत जुने उत्तर कथारूपाने उरले आहे. परंपरा ज्याचा काळ १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा धरते, त्या दुर्गादेवीच्या दुष्काळानंतरच्या शतकात मंगळवेढ्यास बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी उपाशी प्रजेसाठी सरकारी कोठारे खुली केली. ही खबर दरबारात पोचताच त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. आणि ते बिदरला पोचण्यापूर्वीच प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराच्या वेषात जाऊन धान्याची किंमत खजिन्यात भरली व तिची पावती घेतली, ही कथा महाराष्ट्रात ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. भक्तीच्या दृष्टीने तिचे माहात्म्य आहेच. राज्यकारभाराच्या दृष्टीने वाचल्यास मात्र तिच्यातली पावती मनाला बोचत राहते. एका अधिकाऱ्याच्या अंतःकरणात करुणा उपजली म्हणून लोक वाचले. तथापि जमाखर्चात ती करुणा कोठेच मांडता येईना, आणि हिशोब जुळवावयास अखेर देवाला यावे लागले. प्रजेच्या भुकेची दखल घेणारा एखादा स्तंभ राज्याच्या दप्तरात असू शकतो, ही कल्पनाच त्या युगाला नव्हती.

कोठारे मात्र होती आणि भव्य होती. पन्हाळगडावरचा अंबारखाना आजही पाहावयास मिळतो. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे दिलेल्या त्याच्या तीन कोठ्यांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी. बाहेरच्या दगडी जिन्याने तिच्या माथ्यावर गेले की छतात ठेवलेली भोके दिसतात. धान्याच्या गोणी वर चढवून त्या भोकांतून आत रित्या करीत, म्हणजे दार न उघडता कोठी भरत जाई. ही सारी तरतूद वेढ्यासाठी होती, आणि तिच्यावर पहिला हक्क शिबंदीचा होता. गडाखालच्या रयतेचे धान्य पेवांत असे. जमिनीत खणलेले, आतून सारवलेले, ज्वारीने भरून तोंड लिंपून टाकलेले पेव उघडले की आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत खाली कोणी उतरत नसे. सुकाळात प्रत्येक बऱ्या कुळाचे असे एखादे पेव असे. दोन वर्षे ओळीने पाऊस चुकला म्हणजे जी पेवे शिल्लक उरत, ती बहुधा सावकाराची आणि पाटलाची.

शिवकालाने या स्थितीत एक मोलाची भर घातली. ५ सप्टेंबर १६७६ च्या आपल्या पत्रात शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना जी आज्ञा केली, तिच्यात कष्टाची तयारी असूनही ज्यांच्यापाशी बैल नाहीत व पोटास दाणा नाही अशा कुळांना बैलांसाठी पैसे आणि खाण्यासाठी धान्य द्यावे, त्यावर वाढी-दिढी घेऊ नये आणि मुद्दल कुळाच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे, असे बजावले आहे. सरकारी कोठारातील दाणा हा रयत उभी करण्याचे साधन आहे, ही जाणीव येथे हुकमाच्या रूपाने प्रकट झाली. तगाई, सूट, तहकुबी ही पुढे कायम झालेली महसुली परिभाषा याच विचाराची. पण तिची धाव जमीन कसणाऱ्यापर्यंत होती. ज्याच्या नावावर शेतच नाही, त्याचा भरवसा खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्यावर. आणि हा वाटा जातीच्या पायरीप्रमाणे ठरत असल्याने शेवटच्या पायरीवरच्या माणसाला तो पाठ मोडेपर्यंत राबून आणि मान खाली घालूनच घ्यावा लागे. शिवाय खळेच रिकामे राहिले की बलुतेही बुडाले.

इंग्रजी अमलात कोठाराची जागा बाजाराने घेतली. १८७६ साली दख्खनेत पाऊस गेला, तेव्हा पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतून आगगाडी धावू लागून पुरती पंधरा वर्षे उलटली होती, आणि व्यापाऱ्यांचे धान्य तिच्या वाघिणींतून येतही होते. परंतु पीक बुडाल्यामुळे मजुरी बुडालेली, मजुरी बुडाल्यामुळे गाठीला पैसा नाही, आणि धान्याचे भाव भडकलेले. अशा स्थितीत स्टेशनापाशी रचलेली पोती आणि चार कोसांवरचा उपाशी मनुष्य यांच्यामध्ये जे अंतर पडले, ते तोडणे आगगाडीच्या आवाक्यातले नव्हते. सरकारने त्यावर दुष्काळी कामे काढली. गरजू कोण हे ओळखावे कसे, या प्रश्नाला त्या राजवटीने शोधलेले उत्तर असे की, जो खडी फोडावयास येईल तो गरजू. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुष मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर राखता येईल असे ठरविले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम; तुरुंगातल्या कैद्याचा शिधाही त्याहून अधिक होता. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनी या मापावर कडक आक्षेप घेतला, आणि मुंबई इलाख्यात तर मजुरांनीच त्याचे उत्तर दिले. मजुरी कमी झाली आणि गावालगतची कामे बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर हाकलण्याचा हुकूम निघाला, तेव्हा हजारो उपाशी माणसे कामे सोडून घरी परतली. ज्यांच्यापाशी दुसऱ्या दिवसाची भाकर नाही अशा लोकांनी मजुरी नाकारावी, हा प्रसंग दख्खनच्या इतिहासात अपूर्व होता.

या माणसांची बाजू सरकारपुढे मांडण्याचे काम १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे एकामागून एक पत्रे धाडली, आणि एका पौंडावर राबणारे शरीर टिकत नाही हे पुन:पुन्हा निदर्शनास आणले. त्याच वेळी सत्यशोधक समाजाने आपल्या परीने चूल पेटविली. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातून जुन्नर भागातल्या उपासमारीचे वर्णन उरले आहे. आणि पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी अन्नछत्र उघडण्यात आले, त्यासाठी मदतीचे विनंतिपत्रक स्वतः जोतीरावांनी काढले. एक संस्था अर्ज लिहीत होती, दुसरी पाने वाढीत होती, आणि दोहोंचीही गरज सारखीच होती. एवढे होऊनही या दुष्काळात हिंदुस्थानभर पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे.

त्यानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली जो अहवाल दिला, त्यातून प्रांतोप्रांतीचे दुष्काळ-निवारणाचे कायदे जन्मास आले. तेव्हापासून साह्य हे कलेक्टराच्या मर्जीवर न राहता नियमांत बांधले गेले, आणि नियम एकदा छापला की तो गरिबालाही वाचून दाखविता येतो, ही त्या घटनेची खरी थोरवी होती. लोकमान्य टिळकांनी हे अचूक ओळखले. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी ‘केसरी’तून दुष्काळाच्या कायद्याची कलमे मराठीत समजावून दिली, सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव धाडले, आणि कायद्याप्रमाणे जे मिळावयाचे ते मागण्यात भिकारपणा नाही हे रयतेच्या मनावर ठसविले. सरकारला हे मानवले नाही; १८९७ साली त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. राजाने दान केले तर प्रजा आशीर्वाद देते. तिला आपला हक्क कळला म्हणजे ती जाब विचारू लागते, आणि परक्या सत्तेला भय वाटले ते याच जाबाचे.

कोठाराच्या इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर मात्र दुष्काळी मुलखात घडले नाही. ते मुंबईत घडले. मुंबई आणि कोकण यांचे ताट ब्रह्मदेशाच्या तांदळावर बरेचसे अवलंबून होते. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि तो तांदूळ एकाएकी थांबला. भाव चढले, साठेबाजी बोकाळली, धान्याच्या दुकानांपुढे दंगे होण्याची चिन्हे दिसू लागली. आणि २ मे १९४३ पासून मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. या व्यवस्थेच्या उभारणीत ए. डी. गोरवाला या करड्या शिस्तीच्या सनदी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. शहरातल्या घराघराची मोजदाद करून प्रत्येक कुटुंबास एक कार्ड द्यावयाचे, ते एका ठरावीक दुकानाशी जोडावयाचे, मोठ्या माणसाचे एक युनिट व लहान मुलाचे अर्धे असा आकार धरून आठवड्याचा शिधा नेमून द्यावयाचा, आणि अंगमेहनतीची कामे करणाऱ्यास थोडा अधिक हिस्सा ठेवावयाचा, अशी त्याची रचना होती.

त्या दुकानाचे रूप दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेले आहे. दाराशी खडूने भाव व शिल्लक लिहिलेली फळी. आत तागाच्या पोत्यांची उतरंड. मध्ये साखळ्यांनी टांगलेला तराजू. फळकुटामागे बसलेला कारकून कार्डाच्या चौकटीत तारीख टाकून सही करतो, आणि मापाड्याने पारड्यात टाकलेला दाणा बाई पदराने कपाळ पुशीत पिशवीत धरते. घरी गेल्यावर सुपात घोळून खडे, कण्या व माती वेगळी केली की मापातला काही हिस्सा आपोआप कमी होई. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांच्या चुलीवर भाकरी कशाची पडावयाची हे आता हंगाम ठरवीत नव्हता, कार्ड ठरवीत होते. धान्य हलके असे, रांगेत दिवस मोडे, काळा बाजारही चाले. या सर्व तक्रारी खऱ्या होत्या. तथापि त्या कार्डात एक गोष्ट अशी होती जी यापूर्वी या भूमीवर कधीच घडली नव्हती: मलबार हिलवरच्या शेठजींचे आणि परळच्या चाळीतल्या गिरणीकामगाराचे युनिट एकच होते. गरजू कोण हे शोधण्याचा खटाटोपच त्या व्यवस्थेने सोडून दिला होता. शहरात राहणारे प्रत्येक तोंड हे खाणारे तोंड आहे, एवढे तिने गृहीत धरले.

या गृहीताचे मोल किती, हे त्याच वर्षी बंगालने दाखविले. तेथे शिधावाटप वेळेवर झाले नाही; कलकत्त्यात ते ३१ जानेवारी १९४४ रोजी सुरू झाले, तोवर खेड्यांतून शहराकडे आलेले भुकेकंगाल लोक रस्तोरस्ती मरून गेले होते. वुडहेड यांच्या चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला, आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो याहून बराच मोठा मानला. १९४३ च्याच अन्नधान्य धोरण समितीने लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटपाची शिफारस केली आणि प्रौढ माणसास दिवसाला एक पौंड धान्य हे प्रमाण सांगितले. टेंपल यांचा पौंड खडी फोडणाऱ्याची मजुरी होता, या समितीचा पौंड नागरिकाचा शिधा होता. वजन तेच राहून त्याचा अर्थ सहासष्ट वर्षांत इतका पालटला. १९४६ च्या टंचाईत हे प्रमाण बारा औंसांवर आणावे लागले, पण ते उतरले तेही सर्वांसाठीच.

या व्यवस्थेचा भार खेड्याने उचलला, हे येथे नमूद केले पाहिजे. पेरलेले क्षेत्र आणि पिकाची आणेवारी पाहून शेतकऱ्यावर धान्याची लेव्ही बसे. आणेवारी चढी लागली की लहान कुळाला घरचा दाणा सरकारी भावाने घालून पुढे चढ्या भावाने विकत घ्यावा लागे. शहराची भाकरी गावाच्या कणगीतून आली, आणि तिचे योग्य मोल गावाला नेहमी मिळाले असे म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणाचा लंबक बराच काळ हेलकावत राहिला. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठली, भाव भडकताच १९४८ मध्ये पुन्हा बसली, आणि अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत १९५४ पर्यंत पुन्हा उठली. मग अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखालचा गहू आला. १९६६ साली परदेशांतून एक कोटी टनांहून अधिक धान्य आणावे लागले. परावलंबनाच्या याच काळात, १९६५ साली, भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि शेतकऱ्याला आधारभूत किंमत, सरकारी गोदामात साठा व रास्त भावाच्या दुकानातून वाटप ही साखळी तयार झाली.

तिची कसोटी महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लागली. परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या काळातले लोक अजून विसरलेले नाहीत. दुकानांतला पुरवठा मागणीला पुरा पडत नव्हता. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. आणि तरीही १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि त्यांच्या हाती धान्य विकत घेण्याइतकी मजुरी पडत होती. विसापूरचे वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीची कल्पना लावून धरली, तिला १९७७ च्या कायद्याने रूप आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शंभर वर्षांपूर्वी जे काम गरिबाची परीक्षा म्हणून योजले होते, ते आता त्याला मागता येईल असे देणे ठरले.

येथवरचा प्रवास कृपेकडून नियमाकडे आणि नियमाकडून हक्काकडे असा चढत गेलेला दिसतो. १९९७ साली मात्र त्याला उलटे वळण लागले. अनुदानाचा खर्च आवरावा म्हणून दारिद्र्यरेषेखालचे व वरचे अशी कुटुंबांची फोड झाली. १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि शुभ्र अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वार्षिक पंधरा हजार रुपयांच्या आत उत्पन्न असलेले कुटुंब पिवळ्यास पात्र. त्याहून वर, पण एका मर्यादेच्या आत असलेले केशरीत. गरजू कोण हा १८७७ चा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि आता त्याचे उत्तर खडीच्या ढिगाऐवजी तलाठ्याच्या दाखल्यातून काढावयाचे होते. ज्याला दाखला मिळविण्यासाठी तालुक्याला चार खेपा घालण्याची ऐपत नाही, तोच बहुधा सर्वांत गरीब असतो. आधीच १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे आदिवासी बालके कुपोषणाने दगावली होती, आणि त्या वार्तेने सारा महाराष्ट्र हादरला होता. राजधानीपासून काही तासांच्या वाटेवर ही पाळी यावी, यावरून कार्ड आणि भाकरी यांतले अंतर किती असू शकते हे उघड झाले.

पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका दाखल झाली, गोदामे भरलेली असताना लोक उपाशी का, हा प्रश्न न्यायासनासमोर मांडला गेला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दाण्यावरचा हक्क प्रथमच देशाच्या कायद्यात लिहिला. ग्रामीण भागातील पंचाहत्तर आणि नागरी भागातील पन्नास टक्क्यांपर्यंत लोकसंख्या, प्राधान्य कुटुंबात माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो. महाराष्ट्रात सुमारे सात कोटी लोक या छत्राखाली आले, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. दामाजीपंतांच्या काळी ज्या भुकेला दप्तरात जागा नव्हती, तिच्यासाठी आज स्वतंत्र खाते आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

पण जे मिळाले त्याचा हिशोबही मांडला पाहिजे. माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे एकशे पासष्ट ग्रॅम. १९४३ च्या पौंडाच्या मानाने एक तृतीयांशाहून थोडे अधिक. उरलेले बाजारातून घ्यावे, असे हा कायदा धरून चालतो, आणि ज्याचे हात रिकामे आहेत त्याच्यासाठी बाजार कसा असतो हे दख्खनने पाहिलेले आहे. दुसरी गोष्ट यादीची. लाभार्थ्यांचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बांधलेला. तो भरला की नवे कुटुंब, नवी सून, नवे मूल यांना जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. भूक मात्र इष्टांक पाहून थांबत नाही. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या मुलखाच्या दुकानांत मुख्यतः गहू व तांदूळ यावा, ही तिसरी उणीव.

या दीर्घ इतिहासातून मला जे एक तत्त्व निघताना दिसते, ते असे. यादी करताना दोन चुका संभवतात: सुस्थितीतला मनुष्य आत येणे आणि भुकेला मनुष्य बाहेर राहणे. पहिल्या चुकीची किंमत सरकारला काही पोती धान्याच्या रूपाने मोजावी लागते. दुसरीची किंमत एखाद्या बालकाच्या देहाला मोजावी लागते, आणि ती कोणत्याही खजिन्यातून परत भरून देता येत नाही. म्हणून चूक व्हावयाचीच असेल तर ती पहिल्या बाजूस व्हावी, असा नियम राज्याने करावा. जव्हार-मोखाड्यापासून मेळघाट-धडगावपर्यंतच्या आदिवासी तालुक्यांत आणि माणदेशासारख्या अवर्षणप्रवण पट्ट्यांत यादीच मोडून काढून प्रत्येक घराला शिधा द्यावा, इष्टांक लोकसंख्येबरोबर वाढत जावा, आणि त्या शिध्यात तेथल्या मातीचे धान्य व डाळ असावी. १९४३ साली परकीय राजवटीला, युद्धाच्या धामधुमीत, एका शहरापुरते सर्वांना एका मापाने मोजणे साधले. आज गोदामे भरलेली असताना लोकांनी निवडलेल्या सरकारला ते का साधू नये, हा प्रश्न प्रत्येक मराठी माणसाने आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावा.